ऊब, गारवा आणि विजेचे बिल

इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम ह्याच्या नावाचे दोन किल्ले प्रसिद्ध आहेत. एक स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, बेन नेव्हिस ह्या ब्रिटनमधील सर्वांत उंच पर्वताच्या पायथ्याशी १६९० साली उभा राहिला. दुसरा बंगालमध्ये, हुगळीच्या काठी, १६९६ पासून बांधला जाऊ लागला. पहिल्याचे तट पुढे रेल्वेसाठी बहुतांशी पाडण्यात आले आणि फोर्ट विल्यम हे नाव तेथील गावाकडे राहिले. दुसरा किल्ला १७५६ साली सिराजउद्दौल्याने जिंकला. त्यानंतर इंग्रजांनी १७५८ पासून थोड्या अंतरावर नव्या अष्टकोनी किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला, आणि त्याच्या भोवती मोकळे सोडलेले रान म्हणजेच आजचे कोलकात्याचे मैदान होय. भारतीय सेनेच्या पूर्व कमांडचे मुख्यालय असलेल्या ह्या किल्ल्यास आता ‘विजय दुर्ग’ असे नाव मिळाले आहे. ते महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील विजयदुर्गावरून घेतलेले आहे, ही गोष्ट मराठी वाचकांस कौतुकाची वाटेल.

नाव एकच, परंतु हवा अगदी विरुद्ध. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम येथे जानेवारीत भर दुपारीही पारा सहसा ७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. कोलकात्यात त्याच महिन्यात पहाटेचे सरासरी तापमान १४ अंशांच्या जवळ असते, आणि एप्रिलपासून जो उकाडा सुरू होतो तो पावसाळा संपेपर्यंत पाठ सोडीत नाही. एका ठिकाणी ऊब विकत घ्यावी लागते, तर दुसऱ्या ठिकाणी गारवा. तरीही दोन्ही ठिकाणच्या गृहस्थास पडणारा प्रश्न एकच असतो: सबंध घराची हवा बदलावी, की माणूस जेथे बसला आहे तेवढ्याच जागेची? ह्या प्रश्नाचे उत्तर चुकले म्हणजे त्याचा भुर्दंड महिनाअखेर बिलात दिसतो.

थंड देशांत हा प्रश्न बहुधा सुट्या विजेच्या हीटरच्या निमित्ताने निघतो. तेथील घरांत सामान्यतः तळघरात किंवा स्वयंपाकघरात एक बॉयलर असतो. तो नैसर्गिक वायूवर पाणी तापवितो, आणि ते पाणी नळ्यांतून प्रत्येक खोलीतील लोखंडी रेडिएटरांत फिरते. चार खोल्यांच्या घरात संध्याकाळी माणसे एकाच खोलीत बसलेली असताना उरलेल्या तीन खोल्या तापविणे हा निव्वळ अपव्यय आहे, असे कोणासही वाटेल. मग बॉयलर बंद करून एक सुटा हीटर पायाशी ठेवावा व पैसे वाचवावेत, हा विचार सहज सुचतो. ब्रिटनमध्ये संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांनाही तो सुचत असेल, कारण रिकाम्या खोलीतील दिवा मालवण्याची सवय त्यांना लहानपणापासून असते. परंतु विचार सरळ दिसला म्हणून हिशेब सरळ असतोच असे नाही.

हिशेबास बसण्यापूर्वी हीटर काय करतो ते पाहिले पाहिजे. विजेचा प्रवाह तारेतून वाहू लागला की तार तापते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते, हा नियम जेम्स प्रेस्कॉट जूल ह्याने १८४० च्या सुमारास प्रयोगांनी सिद्ध केला. तांब्याच्या तारेचा रोध अल्प असतो आणि लोखंडी तार लाल होऊन लवकर गंजते, त्यामुळे हीटर घरोघर पोहोचण्यास निकेल व क्रोमियम ह्यांच्या मिश्रधातूची वाट पाहावी लागली. अल्बर्ट मार्श ह्या अमेरिकन संशोधकास ह्या मिश्रधातूचे पेटंट १९०६ साली मिळाले. नायक्रोम ह्या नावाने ती तार आजही असंख्य शेगड्यांत, इस्त्र्यांत व हीटरांत वेटोळे घालून बसलेली असते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण बाजारातील बराचसा गोंधळ तिच्याविषयीच्या अज्ञानावर पोसलेला आहे. एक किलोवॉटचा हीटर तासाभरात एक युनिट वीज घेतो आणि त्या एका युनिटाची उष्णता करून देतो, त्याहून कणभरही अधिक नाही. लाल सळ्यांचा हीटर असो, तेलाने भरलेला असो, पंखा बसविलेला असो की चिनी मातीच्या तबकड्यांचा असो, ह्या बाबतीत सगळे सारखेच. हजार रुपयांच्या हीटरचे एक किलोवॉट आणि दहा हजारांच्या हीटरचे एक किलोवॉट ह्यांत उष्णतेचा फरक नसतो. फरक असतो तो ती उष्णता कोठे व किती लवकर पोहोचते एवढाच. तेलाचा हीटर सावकाश तापतो, सावकाश निवतो आणि मुख्यतः हवेच्या अभिसरणाने खोलीस ऊब देतो. तापलेल्या सळ्यांचा हीटर प्रारणाने समोरच्या वस्तूवर सरळ उष्णता फेकतो, उन्हात बसल्यावर होते तसे. जे विक्रेते ‘कमी विजेत दुप्पट ऊब’ असे आश्वासन देतात त्यांना जूलच्या नियमाची माहिती नसावी, किंवा ग्राहकास ती नाही अशी त्यांची खात्री असावी.

आता ही उष्णता जाते कोठे? बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी एक खोली घेऊ. तिच्यातील सगळी हवा तराजूत घातली तर सुमारे ४० किलो भरेल. एवढी हवा १० अंशांनी तापविण्यास युनिटाचा जेमतेम नववा भाग पुरतो. म्हणजे एक किलोवॉटच्या हीटरने सात मिनिटांत हे काम संपावयास हवे. प्रत्यक्षात सात मिनिटांनी खोली गार ती गारच असते. कारण हवा तापू लागताच ती आपली उष्णता भिंतींना, फरशीला आणि छताला देऊन टाकते. ह्याच खोलीची बारा फूट लांबीची, एक फूट जाडीची विटांची एक भिंत नुसत्या एका अंशाने तापविण्यास सुमारे दीड युनिट लागते. हवेस दहा अंशांसाठी युनिटाचा नववा भाग, आणि एका भिंतीस एका अंशासाठी दीड युनिट! घर तापविणे म्हणजे हवा तापविणे नव्हे, विटा तापविणे होय, हे ह्यावरून कळेल. त्यातच दाराखालच्या फटीतून आलेला वारा तापलेली हवा बाहेर ढकलून तिच्या जागी नवी थंड हवा आणीत असतो.

कोलकात्याच्या जुन्या जाड भिंतींच्या इमारतींत ह्याचीच उलट बाजू अनुभवास येते. मे महिन्याच्या उन्हात दिवसभर भिंती उष्णता पितात. दुपारी त्यामुळे आतील खोल्या बाहेरच्यापेक्षा बऱ्या वाटतात. रात्री मात्र बाहेरची हवा निवली तरी त्याच भिंती साठविलेली उष्णता ओकू लागतात.

आता बिलाकडे वळू. ब्रिटनमध्ये २०२५ साली घरगुती विजेचे एक युनिट वायूच्या एका युनिटाच्या सुमारे चौपट किमतीस पडत होते. एखाद्या घराला थंडीच्या रात्री दर तासास ६ युनिट उष्णता लागते असे मानू. चांगला बॉयलर वायूतील ९० टक्के उष्णता घराला देतो, तेव्हा त्यास तासाला सुमारे पावणेसात युनिट वायू जाळावा लागेल. वायूच्या युनिटाची किंमत १ धरली तर हा खर्च सुमारे ६·७ झाला. त्याऐवजी २ किलोवॉटचा हीटर लावला तर खर्च २ गुणिले ४, म्हणजे ८. माणसे एकाच खोलीत कोंडून घेतली, उरलेले घर गारठले, आणि शिवाय बिल वाढले. दीड किलोवॉटच्या हीटरला ६ खर्च येतो. बचत झाली, पण ती नावापुरतीच. एक किलोवॉटचा हीटर पुरत असेल तर मात्र खर्च ४ वर येतो आणि युक्ती खरोखर फायद्याची ठरते. थोडक्यात, सुटा हीटर सबंध घराच्या गरजेच्या सुमारे २८ टक्क्यांहून कमी उष्णतेत भागवीत असेल, तरच बॉयलर बंद करण्यात अर्थ आहे.

चार खोल्यांच्या घरात एक खोली म्हणजे २५ टक्के, म्हणजे आपण सीमारेषेच्या आतच आहोत, असे एखाद्यास वाटेल. परंतु ती एक खोली तीन गार खोल्यांच्या शेजारी असते, आणि आतल्या पातळ भिंतींतूनही उष्णता शेजारी निसटते. सगळे घर उबदार असताना जी गळती नव्हती ती आता सुरू होते. दमट हवेच्या प्रदेशात न तापविलेल्या खोल्यांच्या भिंतींवर पाणी सुटून बुरशी धरते, तो तोटा निराळाच. तेव्हा अशा घरात बॉयलर चालू ठेवून रिकाम्या खोल्यांतील रेडिएटरांच्या चाव्या कमी करणे हा अधिक शहाणपणाचा उपाय होय. थोडे उष्ण करावयाचे हे सूत्र त्यातही आहेच, परंतु ते स्वस्त इंधनाने साधले जाते.

विजेवर एकास एकाहून अधिक उष्णता मिळविण्याचा एक खरा मार्ग मात्र आहे, आणि तो सुचविणाराही योगायोगाने एक विल्यमच होता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन ह्या नावाने ख्यात झालेला शास्त्रज्ञ, ह्याने १८५२ साली असे दाखविले की यंत्राच्या साह्याने बाहेरच्या थंड हवेतील उष्णता उपसून घरात आणता येईल आणि त्यासाठी खर्च होणारी शक्ती मिळणाऱ्या उष्णतेपेक्षा पुष्कळच कमी असेल. पंपाने विहिरीचे पाणी वर चढवावे तसाच हा प्रकार, म्हणून त्यास उष्णतापंप म्हणतात. चांगला उष्णतापंप एका युनिट विजेत सुमारे ३ युनिट उष्णता घरात आणतो. घरातील शीतकपाट हेही एक उष्णतापंपच आहे. त्याच्या पाठीमागे हात लावून पाहिल्यास आतून उपसलेली उष्णता कोठे जाते ते कळते. उन्हाळ्यात गारवा देणारी व हिवाळ्यात उलट चालून ऊब देणारी वातानुकूलन यंत्रे भारतातही मिळतात. ज्या घरात असे यंत्र आधीच बसविलेले आहे त्या घरात नवा हीटर आणून बिल कमी होणार नाही, वाढेलच.

घरातील सर्वांत जुना हीटर कोणता असे विचारले तर मात्र उत्तर द्यावे लागेल, माणूस. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य सुमारे १०० वॉट उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. अन्नातून मिळालेल्या शक्तीचे ते अखेरचे रूप होय, आणि ती उष्णता बाहेर पडली नाही तर मनुष्य जगू शकत नाही. ह्याचा भयंकर पुरावा कोलकात्याच्या जुन्या फोर्ट विल्यममध्येच नोंदला गेला आहे. २० जून १७५६ च्या रात्री, किल्ला पडल्यावर, पकडलेल्या लोकांना तेथील एका कोठडीत कोंडण्यात आले. कोठडी सुमारे १८ फूट लांब व १४ फूट रुंद होती आणि तिला गजांच्या दोन लहान खिडक्या होत्या. त्यांतून वाचलेल्या हॉलवेल ह्याने १४६ कैद्यांपैकी १२३ मेल्याचे लिहिले. त्याचे आकडे फुगविलेले आहेत असे इतिहाससंशोधकांनी पुढे दाखवून दिले, आणि ब्रिजेन गुप्त ह्यांनी ६४ कैदी व ४३ मृत्यू असा अंदाज केला. हा कमी आकडाच घेतला तरी ६४ माणसे म्हणजे ६,४०० वॉट, दीड किलोवॉटच्या चार हीटरांहूनही अधिक. जूनमधील दमट रात्र, वारा नाही, आणि प्रत्येकाच्या श्वासातून व घामातून बाहेर पडणारी वाफ! घाम सुकण्यास जागाच उरली नसेल, आणि घाम सुकला नाही की शरीराचा उष्णता टाकण्याचा शेवटचा मार्गही बंद होतो. ही कोठडी जेथे होती त्या जुन्या किल्ल्याच्या जागी आज कोलकात्याचे मोठे टपाल कार्यालय उभे आहे.

उष्ण देशात राहणाऱ्यास घर गार करण्याची साधने पूर्वी फारशी नव्हतीच. वाळ्याचे पडदे भिजवून दारात सोडीत, परंतु तो उपाय उत्तर हिंदुस्थानच्या कोरड्या लूमध्ये जेवढा गुणकारी तेवढा बंगालच्या ओलसर हवेत नव्हे. १८३३ साली बोस्टनहून निघालेले ‘टस्कनी’ नावाचे जहाज चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभर टनांच्या आसपास बर्फ घेऊन कोलकात्यास पोहोचले तेव्हा शहरात उत्सवच झाला. पण बर्फ पेयांत घालावयाचा, त्याने घरे कशी गार होणार? तेव्हा घराचा नाद सोडून माणसाकडे पाहणे भाग होते. छतापासून टांगलेला झालरीचा लांब पंखा ही त्या विचाराची निष्पत्ती. तो प्रथम फोर्ट विल्यमच्या कचेरीत एका कारकुनाने मेजाची फळी छताला टांगून शोधून काढला अशी दंतकथा कोलकात्यात सांगत असत. टांगलेले मोठे पंखे त्याहून पुष्कळ जुने असल्यामुळे ती दंतकथाच समजावी, परंतु हा पंखा कोलकात्याच्या कचेऱ्यांतून, जेवणघरांतून व प्रार्थनामंदिरांतून सर्वत्र पसरला हे निश्चित.

पंखा हवा थंड करीत नाही. तो अंगालगतचा उबदार व घामाने दमट झालेला हवेचा थर बाजूस सारतो आणि घाम सुकू देतो. मंद वाऱ्यानेही माणसास खोली २–३ अंशांनी गार झाल्यासारखी वाटते. तापमापकास मात्र कसलाच फरक कळत नाही. सुट्या हीटरचे जे तत्त्व तेच हे, फक्त उलट्या बाजूने: खोलीला न शिवता माणसाला सुख द्यावयाचे.

हे सुख साहेबास स्वस्त पडे, कारण त्याची किंमत दुसरा कोणी देत असे. भिंतीतील भोकातून बाहेर काढलेली दोरी ओढीत पंखेवाला ओसरीवर रात्रभर बसे. कधी हाताने, कधी पायाच्या अंगठ्यास दोरी बांधून. त्यास डुलकी लागली म्हणून मारहाण झाल्याच्या फिर्यादी त्या काळच्या न्यायालयांपर्यंत गेलेल्या आहेत. माणसाचे स्नायू दीर्घ काळ फार तर ७५ वॉटच्या गतीने काम देऊ शकतात. म्हणजे आठ तास न थांबता राबले तरी ०·६ युनिट होते. १७ एप्रिल १८९९ रोजी कोलकात्यात इमामबाग लेनमधील वीजकेंद्र सुरू झाले, कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशनच्या तारा शहरात पसरल्या, आणि विजेच्या पंख्यांनी पुढील काळात ती दोरी हळूहळू हातातून सोडविली. जुन्या धर्तीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, म्हणजे रात्रीच्या आठ तासांत बरोबर तीच ०·६ युनिट. नव्या पद्धतीच्या चुंबकी मोटरीचे पंखे ३० वॉटच्या आसपासच घेतात. दीड किलोवॉटचा हीटर मात्र एका माणसाच्या दिवसभराच्या कष्टांइतकी वीज अर्ध्या तासाच्या आत संपवितो. त्याची कळ दाबताना एवढे आठवले तरी पुष्कळ.

पंख्याविषयी एक गैरसमज येथेच दूर करावा. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवल्याने खोली गार राहते असे अनेकांस वाटते. वस्तुतः पंख्याने घेतलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते, तेव्हा बंद खोलीतील ७५ वॉटचा पंखा हा ७५ वॉटचा लहानसा हीटर असतो. माणूस नसेल तेथे त्याचा उपयोग शून्य. वातानुकूलन यंत्र असलेल्या घरी मात्र पंखा मोठी कामगिरी करतो. पंखा लावून यंत्राचा आकडा एक अंश वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे भारताच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचे सांगणे आहे.

आपल्याकडील हिवाळ्याचा हिशेब ब्रिटनहून निराळा आहे, कारण बंद करावयाचा बॉयलरच येथे नसतो. कोलकाता, पुणे, नाशिक, नागपूर येथील कुटुंब हीटर आणते तेव्हा ते जुना खर्च कमी करीत नसून नवा खर्च घरात आणीत असते. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने दीड किलोवॉटचा हीटर रोज रात्री चार तास लावला तर ६ युनिट रोजची, म्हणजे महिन्याची १८० युनिट वाढतात आणि एकूण २७० होतात. कोलकात्यात काय किंवा महाराष्ट्रात काय, विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. पहिली शंभर युनिटे स्वस्त, पुढची महाग. त्यामुळे हीटरची बहुतेक सगळी युनिटे वरच्या टप्प्यात पडतात, आणि वापर तिप्पट झाला असता बिल तिपटीहूनही अधिक होते.

म्हणून घराऐवजी माणसास ऊब देण्याचे तत्त्व आपल्याकडे आणखी एक पायरी पुढे नेले पाहिजे: हीटरकडे वळण्यापूर्वी शरीराच्या स्वतःच्या १०० वॉटचा पुरता उपयोग करून घ्यावा. लोकर, कापूस व पिसे ह्यांत स्वतःची ऊब नसते. त्यांच्या तंतूंत अडकलेली स्थिर हवा उष्णतेस बाहेर जाऊ देत नाही. घोंगडी व गोधडी ह्यांचा गुण हाच. कोलकात्यात थोडी थंडी पडताच डोके, कान व गळा झाकणाऱ्या माकडटोप्या बाहेर पडतात आणि त्यांची थट्टाही पुष्कळ होते, पण इतक्या अल्प खर्चात इतकी उष्णता वाचविणारे साधन दुसरे दाखविणे कठीण आहे. हिवाळ्याच्या तोंडावर तेथील धुनुरी, म्हणजे आपले पिंजारी, धनुकली घेऊन गल्लोगल्ली फिरतात आणि दबलेला कापूस पिंजून दुलया पुन्हा फुगवितात. दबलेल्या कापसात हवा उरत नाही, फुगलेल्यात ती परत येते. धनुकलीच्या टणत्कारात उष्णतारोधनाचे सगळे शास्त्र आहे. एवढ्याने भागले नाही, घरात वृद्ध, आजारी अथवा तान्हे मूल असले, तर विजेचा आधार जरूर घ्यावा. प्रौढ आजाऱ्यास विजेवर तापणारी चादर बहुधा १०० वॉटहून कमी विजेत रात्र काढून देते. बैठ्या कामासाठी लहान प्रारण-हीटर अंगाकडे तोंड करून, तीन फूट अंतरावर ठेवला तर भिंती तापण्याची वाट पाहावी लागत नाही. दाराखालच्या फटीस कापडाची गुंडाळी लावण्यास तर काहीच खर्च नाही.

निफाडच्या परिसरात पारा पाच अंशांखाली उतरू लागला की द्राक्षबागायतदार पहाटे बागांत शेकोट्या पेटवितात. त्यांना सगळे शिवार तापवावयाचे नसते, तर वेलींभोवतालची हवा तेवढी दोन-चार अंश वर राखावयाची असते. मात्र उघड्या बागेतील ही शेकोटी बंद घरात आली की तिचे रूप पालटते, आणि येथे पैशापेक्षा मोठी गोष्ट पणास लागते.

कोळशाची शेगडी खोलीत ठेवून, दारे-खिडक्या लावून झोपलेली कुटुंबे सकाळी उठलीच नाहीत, अशा वार्ता उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येतात. निखारा अपुऱ्या हवेत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा ह्या वायूस दोनशे पटींहून अधिक आवडीने धरते, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूवाचून उपाशी राहते. झोपलेल्या माणसास काही कळण्याआधीच तो बेशुद्ध होतो. विजेच्या हीटरात काहीही जळत नाही, म्हणून हा धोका त्यात नाही. तो खोलीतील प्राणवायू खातो ही समजूतही खोटी आहे. तेव्हा ज्या घरात शेगडी व हीटर ह्यांतून एकाची निवड करावयाची आहे तेथे युनिटांचा हिशेब बाजूस ठेवून हीटरच निवडावा.

त्याचे धोके वेगळे व टाळण्याजोगे आहेत. २ किलोवॉटचा हीटर २३० व्होल्टच्या दाबावर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. दिव्यांच्या लहान छिद्रांच्या सॉकेटाची क्षमता ५ ते ६ अँपिअरच असते. तेथे जुगाड करून, किंवा लांब बारीक वायरीच्या फळीवरून असा हीटर चालविला, तर जूलचा तोच नियम भिंतीतील तारेत काम करू लागतो. हीटर १५ किंवा १६ अँपिअरच्या, अर्थिंगची तिसरी पिन असलेल्या जाड सॉकेटातच लावावा, आणि चालू असताना अर्ध्या तासाने प्लगास हात लावून पाहावा. प्लग गरम लागला तर जोड ढिला आहे असे समजून वीजतंत्र्यास बोलवावे. पडदा, मच्छरदाणी व पांघरूण ह्यांपासून तो निदान तीन फूट दूर असावा, त्यावर कपडे वाळत घालू नयेत, आणि आडवा पडल्यास आपोआप बंद होणारा हीटर थोडा महाग असला तरी मुलांच्या घरात तोच आणावा. झोपताना खोली एकदा उबदार झाली की हीटर बंद करून दुलई ओढावी. पहाटेपर्यंतची ऊब शरीर स्वतःच पुरविते.